दुभंगलेलें घर सांधणारी माउली : कै. लक्ष्मीबाई टिळक

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती उपासनामंदिरांतून जीं भजनें व गीतें गाइलीं जातात, त्यांपैकीं पुष्कळशीं कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या लेखणींतून उतरलेलीं आहेत, ही गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु ज्या कवीनें हीं गीतें रचलीं, त्याचें घर एके काळीं मधोमध दुभंगलें होतें. पति एका गांवीं, पत्नी दुसऱ्या गांवीं, आणि लहानगा मुलगा आईच्या पदराशीं, अशी त्या घराची सुमारें चार-पांच वर्षें दशा होती, हें फारच थोड्यांच्या लक्षांत असतें. तें घर पुन्हां कसें सांधलें गेलें, याची हकीकत टिळकांच्या पत्नी कै. लक्ष्मीबाई यांच्या चरित्रांत आहे. दुभंगलेलें घर एक करण्याचा एक मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे बलवत्तरानें दुर्बलास दाबून टाकणें. ह्या घरानें तो मार्ग धरला नाहीं. म्हणूनच त्याची कथा विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एकत्र बसून वाचावी अशी आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर ह्या गांवीं गोखले यांच्या ब्राह्मण कुटुंबांत झाला. माहेरचें त्यांचें नांव मनकर्णिका. घरांत सगळीं मनु म्हणत. ह्या घरावर एका भयंकर प्रसंगाची छाया पडली होती. मनूच्या आईच्या वडिलांस १८५७ च्या बंडाच्या धामधुमींत इंग्रज सरकारनें फांशीं दिलें. त्या धक्क्यानें मनूच्या वडिलांच्या, म्हणजे नाना गोखले यांच्या मनावर असा कांहीं परिणाम झाला कीं, त्यांस सोंवळ्याचें वेड लागलें. कशाचा विटाळ होईल याची त्यांस अहोरात्र धास्ती. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत घ्यावयाचा नाहीं, मुलांनीं बाहेर कोणास शिवावयाचें नाहीं, आणि शिवलेंच तर अंगावरच्या वस्त्रांनिशीं स्नान करावयाचें, अशी तेथली शिस्त. नाना मनानें दुष्ट नव्हते. परंतु भीतीनें पछाडलेला माणूस घरांतील इतरांस आपल्या भीतीचे कैदी करतो, तसें तेथें झालें. त्या माउलीनें व मुलांनीं तो जाच वर्षानुवर्षें निमूटपणें सोसला. मनुष्यामनुष्यांमधील भिंत म्हणजे काय, हें मनूस कोणी पुस्तकांतून शिकविलें नाहीं. ती त्या भिंतीच्या आंतच जन्मली व वाढली.

वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षीं मनूचें लग्न झालें व ती लक्ष्मी होऊन टिळकांच्या घरीं आली. वर नारायण वामन टिळक हे अठरा वर्षांचे होते. त्यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला होता. त्यांची आई जानकीबाई ही प्रेमळ, देवभोळी व काव्याची आवड असलेली स्त्री होती. वडील वामनराव हे त्याच्या अगदीं उलट, तापट व कठोर. ह्या कठोरपणाचे चटके जानकीबाईंस जन्मभर सोसावे लागले. नारायण अकरा वर्षांचा असतांना आई वारली आणि त्या मुलानें पित्याचें घर सोडून नाशिकची वाट धरली. तेथें त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें, थोडेंफार इंग्रजी पैदा केलें, आणि कवि म्हणून नांवही मिळविलें. परंतु आईच्या हालांची आठवण त्याच्या अंतःकरणांतून कधीं पुसली गेली नाहीं.

पुढें लक्ष्मीबाई सासरीं नांदूं लागल्या तेव्हां त्या घरांत सासूची माया नव्हती, सासऱ्यांचा अंमल मात्र होता. त्या काळच्या रीतीप्रमाणें सुनेनें वर मान करून बोलावयाचें नाहीं, विचारल्याशिवाय कशास हात लावावयाचा नाहीं. नवरा घरीं असला तर थोडाबहुत आधार. परंतु टिळकांचा पाय एका ठिकाणीं ठरेल तर शपथ! आज एक नोकरी, उद्यां दुसरी, परवां कोठें तरी पुराण किंवा कीर्तन, आणि तेरवां कोणास न सांगतां तीर्थाटनास प्रयाण. हातीं पैसा आला कीं तो संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं गेलेला असावयाचा. त्यांचा राग पेटलेल्या गवतासारखा. क्षणांत भडका आणि क्षणांत राख. ह्या सर्व प्रकारांचें वर्णन लक्ष्मीबाईंनीं पुढें आपल्या आत्मचरित्रांत केलें आहे, तें वाचतांना वाचकास हंसूं आवरत नाहीं आणि त्याच वेळीं डोळेही ओले होतात. येवढें मात्र खरें कीं, ह्याच लहरी पतीनें आपल्या पत्नीस अक्षरओळख करून दिली. ज्या काळीं स्त्रीच्या हातांत पुस्तक दिसणें हा अपशकुन मानला जाई, त्या काळीं हें धाडसच होतें.

टिळकांचें मन धर्माविषयीं मात्र लहरी नव्हतें. जातिभेदानें पोखरलेल्या ह्या देशाला एकत्र बांधील, मनुष्यास मनुष्य म्हणून मान देईल आणि परमेश्वराशीं निकट संबंध जोडून देईल, अशा धर्माचा शोध ते वर्षानुवर्षें करीत होते. कांहीं काळ ते नागपूर येथें श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास होते. १८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतांना त्यांच्या डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. दोघांचें धर्मविषयक संभाषण झालें. उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं टिळकांस नव्या कराराची एक प्रत भेट दिली आणि दोन वर्षांच्या आंत ते ख्रिस्ती होतील असें भाकीतही केलें. टिळकांस तें मुळींच पटलें नाहीं. पण पुस्तक वाचण्याचें त्यांनीं वचन दिलें होतें. डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते पोहोंचले आणि तेथें त्यांचें मन खिळून राहिलें. ते सहप्रवासी गृहस्थ कोण होते, हें पुढें टिळकांस कधींच कळलें नाहीं. सुमारें दोन वर्षें मनांत व बाहेर झगडून अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबई येथें एका भारतीय पाळकाच्या हस्तें बाप्तिस्मा घेतला.

येथें सत्य सांगितलें पाहिजे. ज्या पावलानें टिळकांच्या आत्म्यास शांति लाभली, त्याच पावलानें लक्ष्मीबाईंचा संसार उध्वस्त झाला. त्या वेळीं त्या पतीपासून दूर, आपल्या आप्तांमध्यें होत्या. ही वार्ता ऐकतांच त्यांवर जणूं आकाश कोसळलें. त्या काळच्या हिंदु समाजांत नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे तो जिवंतपणींच मेला असें समजत. म्हणजे कपाळीं कुंकू आहे, पण घर नाहीं. नवरा आहे, पण त्याच्या हातचें पाणी चालावयाचें नाहीं. विधवेचें दुःख निदान लोकांस समजतें. हिच्या दुःखास नांवच नव्हतें. कित्येक दिवस त्यांस अन्नपाणी गोड लागेना, झोंप येईना. त्यांस वेड लागतें कीं काय अशी घरच्या माणसांस भीति पडली. ह्याच काळांत, जिला जेमतेम लिहितां येत होतें अशा ह्या बाईच्या तोंडून दुःखाच्या भरांत आपोआप कविता बाहेर पडूं लागली.

लक्ष्मीबाईंच्या आप्तेष्टांनीं त्यांस टाकलें नाहीं, हें त्यांचें भूषण होय. त्यांच्या बहिणीनें व मेहुण्यांनीं त्यांस पंढरपुरीं आपल्याजवळ ठेवून घेतलें. लहानग्या दत्तूस घेऊन त्या तेथें विठ्ठलाच्या सान्निध्यांत दिवस कंठूं लागल्या. परंतु दुसऱ्याच्या घरीं, मग तें सख्ख्या बहिणीचें कां असेना, आश्रितासारखें राहणें म्हणजे काय, हें ज्यानें अनुभविलें असेल त्यासच ठाऊक. सर्वांची माया होती, पण सर्वांची नजरही होती. पतीचें पत्र आलें तर काय लिहिलें असेल, तिच्या मनांत काय चाललें असेल, ही आपल्या हातून निसटून जाईल काय, अशी सर्वांस चिंता. एकीकडे बंधन प्रेमाचें, दुसरीकडे ओढ पतीची, आणि मध्यें मुलाचा प्रश्न, अशा कात्रींत ती माउली सांपडली होती.

टिळकांनीं ह्या काळांत काय केलें? त्यांच्या हातून चुका झाल्या नाहींत असें कोणी म्हणणार नाहीं. पत्नीच्या मनाची तयारी न करतां त्यांनीं येवढा मोठा निर्णय घेतला, आणि त्याचा सगळा भार तिच्या मस्तकीं पडला. वडिलांचा तापटपणा त्यांच्याही रक्तांत होता. परंतु ज्यास त्यांनीं आपला गुरु मानलें, त्या ख्रिस्तानें कोणासही बळजबरीनें आपल्यामागें ओढलें नाहीं; श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हां त्यासही त्यानें जाऊं दिलें. हा धडा टिळक हळूहळू शिकले. ते पत्रें लिहीत राहिले, विनवीत राहिले, पण पत्नीनें धर्म बदलावा अशी अट त्यांनीं संसारास घातली नाहीं. तिनें आपलें सोंवळें पाळावें, आपल्या देवांची पूजा करावी, आपलें अन्न वेगळें शिजवावें. फक्त आपल्या मुलाच्या बापापासून दूर राहूं नये, येवढेंच त्यांचें मागणें. ज्याच्या बापानें बायकोस आपल्या मताप्रमाणें वांकविण्यांत पुरुषार्थ मानला, त्या मुलानें बायकोच्या मताकरितां वर्षानुवर्षें दाराशीं थांबून राहावें, ही गोष्ट लहान नव्हे. टिळकांच्या हृदयपालटाची खरी साक्ष त्यांच्या गीतांच्या आधीं ह्या थांबण्यांत सांपडते.

अखेर लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या निश्चयानें पतीकडे जाण्याचें ठरविलें. लोकांचीं बोलणीं, नातलगांचे अश्रू आणि आपल्याच मनांतील भय, या सर्वांस बाजूस सारून त्या मुलासह अहमदनगरास आल्या. टिळक त्या वेळीं तेथें अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत होते. पण एकत्र राहणें म्हणजे एक होणें नव्हे. बाईंची चूल निराळी, पाण्याचीं भांडीं निराळीं. ख्रिस्ती मंडळी भेटीस आली कीं त्यांचा जीव घाबरा होई. कोणाचा पदर लागेल, कोणी पाण्याच्या भांड्यास शिवेल, ह्याच धास्तीनें दिवस जाई. म्हणजे जलालपूरचे नाना गोखलेच जणूं त्या घरांत पुन्हां अवतरले होते! एकाच छपराखालीं पति-पत्नींच्या मध्यें अन्नपाण्याची भिंत उभी होती. टिळकांनीं ती ओलांडण्याचा प्रयत्न केला नाहीं. तीस पाडावयाचें असेल तर तें काम आंतल्या बाजूनेंच झालें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

ही भिंत पडली ती राहुरी येथें. नगर जिल्ह्यांतील ह्या गांवीं टिळक मिशनच्या कामासाठीं राहावयास गेले, तेव्हां लक्ष्मीबाईही त्यांच्याबरोबर गेल्या. तेथें सोंवळ्यानें पाणी आणणें, वेगळा स्वयंपाक करणें, सर्वांपासून अंग चोरून वागणें, हें सर्व पूर्ववत् चाललें होतें. परंतु त्यांच्या आसपास जीं माणसें वावरत होतीं, तीं निरनिराळ्या जातींतून आलेलीं असून एका पंक्तीस बसत, एकमेकांच्या आजारांत धांवून जात, आणि त्यांचें कांहींएक बिघडत नसे. हें सर्व बाई पाहात होत्या. एके दिवशीं त्यांच्या मनांत विचारांची सांखळी सुरू झाली. पशुपक्ष्यांच्या जाती देवानें निर्माण केल्या, म्हणून त्या पाहतांच ओळखूं येतात. गाय ती गाय आणि घोडा तो घोडा. मनुष्यांत देवानें केलेला भेद दिसतो तो स्त्री आणि पुरुष हा. मग ब्राह्मण, महार, मुसलमान हे भेद कोणी केले? देवानें केले असते तर त्याची कांहीं तरी खूण त्यानें शरीरावर ठेवली नसती काय? तशी खूण नाहीं. तेव्हां हे भेद मनुष्याचे आहेत, देवाचे नाहींत. आणि जे देवाचे नाहींत, ते आपण देवाच्या नांवानें कां पाळावे?

विद्यार्थिमित्रांनो, हा विचार कोणा पंडितानें त्यांस सांगितला नव्हता. टिळकांसारखा वक्ता घरांत असतांना त्यांच्या व्याख्यानानें जें झालें नाहीं, तें ह्या अर्धशिक्षित स्त्रीच्या स्वतःच्या विचारानें झालें. त्यांनीं त्याच दिवशीं मनाशीं ठरविलें कीं, आजपासून कोणाच्याही हातचें अन्न व पाणी घेण्यास आपली हरकत नाहीं. लहानपणापासून उरावर बसलेलें ओझें एकाएकीं उतरलें. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्या वेळीं त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधीं मनुष्यांमधील भिंत पडली आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेंतून त्यांस ख्रिस्त दिसूं लागला. पौलानें इफिस येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत, ख्रिस्तानें यहुदी व परराष्ट्रीय यांच्यामधील आडभिंत पाडून दोघांस एक केलें, असा दृष्टांत घेतला आहे. राहुरीच्या त्या लहानशा घरांत तो दृष्टांत प्रत्यक्षांत उतरला.

पुढें १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागोमाग पत्नी गेली, असा ह्याचा अर्थ कोणी करूं नये. पतीच्याच मागें जावयाचें असतें तर त्या पांच वर्षांपूर्वींच गेल्या असत्या. त्या आल्या त्या आपल्या पायांनीं, आपल्या वेळीं, आपली खात्री झाल्यावर. म्हणूनच ही एकी पुढें कोणत्याही संकटांत तुटली नाहीं.

भिंत पडली म्हणजे घर लहान होत नाहीं, मोठें होतें. १८९९-१९०० सालच्या भयंकर दुष्काळानें नगर जिल्ह्यांत हाहाकार उडविला. आईबापांवेगळीं झालेलीं मुलें रस्तोरस्तीं भटकूं लागलीं. टिळक-दांपत्यानें अशा कित्येक मुलांस आपल्या घरांत आश्रय दिला. एके काळीं कोणाचा पदर लागला तर स्नान करणारी बाई आतां कोणत्या जातीचें मूल आहे हें न विचारतां त्यास न्हाऊं-माखूं घालूं लागली, त्याचे फोड धुऊं लागली, त्यास उराशीं धरून निजवूं लागली. सोंवळें सुटलें, त्याची जागा सेवेनें घेतली. पाणी तेंच, हात तेच. पूर्वीं तें पाणी माणसास दूर ठेवण्यासाठीं खर्च होई, आतां तें माणसास जवळ घेण्यासाठीं खर्च होऊं लागलें.

हें घर केवळ ख्रिस्ती लोकांपुरतेंही राहिलें नाहीं. १९०७ सालीं जळगांव येथें महाराष्ट्रांतील कवींचें संमेलन भरलें. त्या संमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या एका कोंवळ्या मुलाच्या कवितेनें सर्वांस मोहून टाकलें व त्यास बालकवि ही पदवी मिळाली. पुढें हा ब्राह्मण मुलगा नगरास टिळकांच्या घरीं येऊन राहिला. लक्ष्मीबाई त्याच्या आई झाल्या. तो त्यांच्याशीं भांडे, रुसे, खोड्या करी, आणि त्या त्यास जेवावयास वाढीत. त्या घरांत राहूनही बालकवि आपल्या धर्मांतच राहिले, आणि त्यामुळें त्या घराच्या मायेंत तिळभरही उणें आलें नाहीं. प्रेम हें आमिष नव्हे, हें त्या दांपत्यास स्वतःच्या अनुभवानें कळलें होतें. १९१८ सालीं भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातांत बालकवि वारले, तेव्हां पोटचा मुलगा गेल्याचें दुःख टिळकांच्या घरांत झालें.

घरांतील भिंत पडली तरी समाजांतील भिंती उभ्याच होत्या. जातीची आठवण ख्रिस्ती मंडळींतूनही समूळ गेलेली नव्हती. शिवाय परदेशी मिशनरी हे मायबाप आणि देशी ख्रिस्ती हीं त्यांचीं आश्रित लेंकरें, असें जें नातें पडून गेलें होतें, तेंही टिळकांस सलत असे. मिशनऱ्यांपैकीं कित्येकांवर त्यांचें जिवापाड प्रेम होतें. परंतु प्रेमळ सत्ता झाली तरी ती सत्ताच, आणि तिच्या छायेखालीं स्वावलंबन वाढत नाहीं, असें त्यांचें मत होतें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि सातारा येथें देवाचा दरबार ही संस्था स्थापन केली. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ज्यास ख्रिस्ताचें शिष्य व्हावयाचें आहे त्या प्रत्येकास तेथें बंधु म्हणून जागा होती. वयाच्या पन्नाशींत लक्ष्मीबाईंस पुन्हां एकदां अनिश्चिततेस तोंड द्यावें लागलें. ह्या वेळीं मात्र त्या निर्णयाच्या बाहेर उभ्या नव्हत्या. हंसत, कुरकुरत, पण बरोबरीनें त्या त्यांत सामील झाल्या. ९ मे १९१९ रोजीं मुंबई येथें टिळकांचें देहावसान झालें.

आतां लक्ष्मीबाई एकट्या राहिल्या. पण ज्या बाईस पूर्वीं नवऱ्यावांचून आधार नव्हता, ती आतां दुसऱ्यांचा आधार झाली होती. मुंबईस त्यांनीं मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहिली. पुढें कांहीं वर्षें त्या कराचीस राहिल्या व अखेर नाशिकास येऊन स्थिरावल्या. टिळकांनीं ख्रिस्ताचें चरित्र ओंवीबद्ध करावयास घेतलें होतें. ख्रिस्तायन असें त्याचें नांव. त्याचे सुमारें दहा अध्याय होतात न होतात तोंच त्यांचा अंत झाला. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनीं साठांहून अधिक अध्याय रचून तें पूर्ण केलें. १९३३ सालीं नागपूर येथें भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस देण्यांत आलें. आणि टिळकांच्या चरित्राची सामग्री म्हणून मुलाच्या आग्रहावरून ज्या आठवणी त्यांनीं लिहावयास घेतल्या, त्यांचेंच स्मृतिचित्रें हें आत्मचरित्र झालें. १९३४ पासून तें भागाभागानें प्रसिद्ध झालें. मराठी भाषेंतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते. १९५० सालीं त्याचें इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झालें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें लक्ष्मीबाईंनीं देह ठेविला.

त्या पुस्तकाची एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्यांनीं त्यांस जाचलें, ज्यांनीं त्यांस अडविलें, ज्यांनीं त्यांच्यासाठीं अश्रू ढाळले, त्या कोणाविषयींही त्यांच्या लेखणींत कडूपणा नाहीं. नानांचें सोंवळें, सासऱ्यांचा कठोरपणा, टिळकांचा लहरीपणा, आणि स्वतःचें अज्ञान, या सर्वांकडे त्या एकाच निर्मळ हास्यानें पाहतात. त्यांनीं कांहीं झांकलेलें नाहीं. परंतु क्षमा करून झाल्यावर मग सांगितलेलें आहे. जुना धर्म सोडतांना त्यांनीं जुन्या माणसांचा द्वेष बरोबर आणला नाहीं. नव्या भिंती उभारण्यासाठीं जुन्या भिंती पाडावयाच्या नसतात, हें त्यांस पुरतें उमगलें होतें.

आणखी एक गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर टिळकांच्या घरीं भांडणें झालींच नाहींत, असें समजूं नये. तीं पुष्कळ झालीं व त्यांचीं वर्णनेंही बाईंनीं चवीनें केलीं आहेत. टिळक भडकत, बाई त्यांस उत्तर देत, आणि थोड्या वेळानें दोघेंही हंसूं लागत. परंतु पूर्वींच्या घरांत सून वर मान करीत नसे, म्हणून तेथें भांडण ऐकूं येत नव्हतें. ह्या घरांत तीस बोलण्याचा अधिकार होता. ज्या घरांत एकट्याचाच शब्द चालतो तें घर शांत दिसतें, पण ती शांति नव्हे. उलट जेथें लहानाससुद्धां निर्भयपणें बोलतां येतें, आणि बोलून झाल्यावर एका ताटांत जेवतां येतें, तेथें खरें ऐक्य नांदतें.

आज आपल्या घरांतून सोंवळें-ओंवळें बहुतांशीं गेलें आहे; परंतु भिंती गेल्या आहेत काय? पित्यास वाटतें, मुलानें माझ्याच मताप्रमाणें चालावें. मुलास वाटतें, वडिलांशीं बोलण्यांत अर्थ नाहीं. भावाभावांत जमिनीच्या तुकड्यावरून अबोला, जावाजावांत निराळ्या चुली, आणि मंडळींत कोण कोणत्या कुळांतून आला याची कुजबूज अजूनही ऐकूं येते. अशा वेळीं पालकांनीं टिळकांचें थांबणें आठवावें. जें सत्य आपणांस पटलें तें लेंकरांस अवश्य सांगावें, स्वतः आचरून दाखवावें, परंतु त्यांच्या अंतःकरणाचें दार आंतून उघडेपर्यंत धीर धरावा. विद्यार्थ्यांनीं लक्ष्मीबाईंचें विचार करणें आठवावें. कोणी सांगतो म्हणून कोणास नीच मानूं नये, आणि कोणी ओढतो म्हणून कोठें जाऊंही नये. स्वतः पाहावें, स्वतः पारखावें, आणि एकदां खात्री पटली म्हणजे मग लोकांच्या बोलण्यास भिऊं नये.

नानांच्या घरांत एक लहान मुलगी बाहेरच्या जगाला शिवण्यास भीत वाढली. तीच मुलगी वृद्धपणीं नाशिकास बसून सगळ्या महाराष्ट्राला आपल्या घरांत बोलावती झाली. ह्या दोन टोंकांच्या मध्यें जो प्रवास झाला, त्यांत पतीची सबुरी होती, तिचा स्वतःचा विचार होता, आणि त्या दोघांसही न ओढतां हात धरून नेणाऱ्या प्रभूची कृपा होती. आपल्या घरांतील एखादी लहानशी भिंत ह्या वर्षीं आपल्या हातून पडली, तर त्या माउलीचें चरित्र आपण खरोखर वाचलें असें होईल.